औषध विक्रेत्यांना खुलं पत्र: गर्भतपासणीच्या पट्टीवर एकच रेघ आली म्हणून बाईला तसंच परत पाठवू नका

प्रति,
महाराष्ट्रातले माझे सर्व औषध विक्रेते आणि फार्मासिस्ट बंधू-भगिनी,

सप्रेम नमस्कार.

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी मेडिकल चालवते आणि काउंटरवर स्वतः उभी असते. हे पत्र आरोग्य खात्याला लिहावं की स्त्रीरोगतज्ज्ञांना, यावर बराच विचार केला आणि शेवटी तुम्हालाच लिहायला बसले. कारण पाळी चुकली की बाई आधी दवाखान्यात जात नाही, ती आपल्याकडे येते. आशाताईंकडे सरकारचं 'निश्चय' हे गर्भतपासणीचं किट फुकट मिळतं, तरीही खेड्यातली बाई एसटीने तालुक्याला येऊन आपल्याकडून पट्टी विकत घेते. आशाताई त्याच आळीतली असते, आणि बातमी आपल्याआधी घरी पोचेल ही भीती असते. आपण अनोळखी असतो, म्हणून आपल्याकडे बोलता येतं. हा विश्वास फार मोठा आहे आणि आपण त्याला जागत नाही, असं मला रोज वाटतं.

पट्टी मागायला येणाऱ्या बाईबद्दल मला फारसं म्हणायचं नाही. मला बोलायचंय ते आठवड्याभराने परत येणाऱ्या बाईबद्दल. ती काउंटरच्या कडेला उभी राहते, बाकीची गिऱ्हाइकं जाऊ देते, आणि मग हळूच म्हणते, "ताई, निगेटिव्ह आली. पण पाळी काही आली नाही. आणि मळमळते, छाती दुखते, दुपारी डोळे उघडत नाहीत. आता काय करू?" या प्रश्नाला आपल्या दुकानांमधून सहसा दोनच उत्तरं मिळतात. एक, "निगेटिव्ह आहे ना, मग काही नाही, पित्त असेल," आणि सोबत एक कॅप्सूल. दुसरं, "पाळी यायची गोळी देतो, तीन दिवस घ्या." ही दोन्ही उत्तरं बंद व्हावीत, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी पट्टीचं बघू. आपण ती विकतो, पण ती काय मोजते हे किती जण सांगतात? गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजल्यावरच एचसीजी हे संप्रेरक तयार व्हायला लागतं. बीज सुटल्यापासून रुजायला साधारण 6 ते 12 दिवस लागतात. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी एचसीजी दुप्पट होत जातं, आणि आपल्याकडच्या बहुतेक पट्ट्यांना रेघ उमटायला लघवीत मिलीलीटरला 25 मिली-युनिटच्या आसपास एचसीजी लागतं. आता एखादीचं बीज नेहमीसारखं चौदाव्या दिवशी न सुटता चोविसाव्या दिवशी सुटलं असेल, तर अठ्ठाविसाव्या दिवशी तिची पाळी 'चुकली' असं घरात सगळे म्हणतात. शरीराच्या हिशोबाने मात्र काहीच चुकलेलं नसतं. त्या दिवशी पट्टी लावली तर दिवस गेले असले तरी एकच रेघ, म्हणजे निगेटिव्ह, येणार. ताप, प्रवास, घरातलं आजारपण, परीक्षा, लग्नघरातली दगदग, कशानेही बीज उशिरा सुटू शकतं. म्हणून तिला "पाळी कधी चुकली?" एवढंच न विचारता "शेवटचा संबंध कधी आला होता?" हेही विचारावं. अवघड वाटतं, पण सवयीने जमतं. त्या दिवसापासून 21 दिवस उलटून गेल्यावर सकाळच्या पहिल्या लघवीने केलेली तपासणी निगेटिव्ह आली, तर तिच्यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. त्याआधीच्या निगेटिव्हचा अर्थ एवढाच की अजून सांगता येत नाही.

बाकी चुका साध्या असतात. दुपारी घरात कुणी नाही म्हणून तेव्हाच तपासतात, आणि लघवी व्हावी म्हणून आधी तांब्याभर पाणी पितात, मग लघवी पातळ होते. पट्टी पाच मिनिटांत वाचायची असते. कचऱ्यातून काढून संध्याकाळी परत पाहिली की वाळलेली फिकट करडी रेघ दिसते, आणि मग रात्रभर जीव टांगणीला. शिवाय आपलीही एक जबाबदारी आहे. बहुतेक पाकिटांवर 30 अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 वर जातो, आणि कितीतरी दुकानांत ही पाकिटं दर्शनी काचेमागे, थेट उन्हात टांगलेली असतात. ती आत घ्या. तारीख संपत आलेली पट्टी 'चालून जाते' म्हणून देऊ नका.

आता लक्षणांचं. पट्टी निगेटिव्ह असताना मळमळ, छाती जड होणं, पोट फुगणं, थकवा, ही सगळी लक्षणं खरी असतात. "मनाचे खेळ आहेत" असं कृपा करून कुणीही म्हणू नये. बीज सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं, ते दिवस गेलेल्या बाईत वाढतं तसं न गेलेल्या बाईतही वाढतं, आणि लक्षणं सुरुवातीला अगदी सारखीच असतात. बीज उशिरा सुटलं की हे दिवसही पुढे सरकतात. थायरॉइड मंदावलं तर थकवा, सूज, पाळीचा घोळ. पीसीओडीत, म्हणजे संप्रेरकं बिघडून बीज वेळेवर न सुटण्याच्या आजारात, तर दोन-दोन, तीन-तीन महिने पाळी येत नाही, आणि दर महिन्याला पट्टी, दर महिन्याला आशा किंवा धास्ती. ॲनिमियाचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. चक्कर, धाप, गळून जाणं हे त्यांचं रोजचं जगणं असतं. पाळी चुकल्यावर त्याचा अर्थ एकदम वेगळा वाटू लागतो, इतकंच.

आमच्या गावच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली पहाटेपासून धावतात. चहा-टोस्टवर निघालेल्या असतात, दुपारी मेसचा अर्धा डबा. त्यातल्या काहींची पाळी महिनोन्‌महिने बंद असते. एखादी घाबरून पट्टी घेऊन जाते, एखादीला आई घेऊन येते आणि आईच्या डोळ्यांत वेगळाच संशय असतो. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की शरीर पाळी थांबवतं, हे त्या आईला सांगणारं गावात कुणीच नसतं. आपण सांगू शकतो. उलट टोक म्हणजे पंचेचाळिशीतल्या बाया. त्यांची पाळी पुढेमागे व्हायला लागलेली असते आणि "आता या वयात कसले दिवस" म्हणून त्या तपासतच नाहीत. त्यांनाही पट्टी द्या, त्यांनाही दिवस जाऊ शकतात.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते आपल्या स्वतःच्या फळ्यांवरच्या औषधांबद्दल. पाळी लांबवणारी कितीतरी औषधं आपणच विकतो. आय-पिलसारखी, संबंधानंतर बहात्तर तासांत घ्यायची गर्भनिरोधक गोळी घेतली की त्या महिन्याची पाळी आठवडाभर अलीकडे-पलीकडे होऊ शकते, हे पाकीट देताना सांगायला दहा सेकंद लागतात. सरकारी दवाखान्यातली 'छाया' ही गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या बाईची पाळी लांबते. तीन महिन्यांचं 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेणारीची कित्येकदा पूर्ण थांबते, आणि इंजेक्शन बंद केल्यावरही नियमित व्हायला बरेच महिने जातात. गणपती-महालक्ष्म्या, लग्नसराई, वारी आली की आपल्याकडे पाळी पुढे ढकलायच्या नॉरइथिस्टेरॉनच्या गोळ्यांचा खप वाढतो. घरातली सासू येऊन तीन सुनांसाठी एकदम मागते. कुणाच्या पायात पूर्वी रक्ताची गाठ झाली होती का, कुणाला आधीच दिवस गेलेत का, कुणी विचारत नाही. चिठ्ठीशिवाय विकू नये असं पाकिटावरच छापलेलं असतं, आणि तरी ती विकली जाते.

आणि पित्ताच्या कॅप्सूल. पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलसोबत डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असलेल्या. आपल्याकडे या चॉकलेटसारख्या जातात. त्यातलं दुसरं औषध शरीरात प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, वाढवतं, प्रोलॅक्टिन वाढलं की पाळी थांबते, छाती भरून येते, कधी दूधही येतं. मानसिक आजारावरच्या रिस्पेरिडोन, ॲमिसल्प्राइड यांनीही हेच होतं.

एक बाई माझ्याकडे आली होती. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. पाळी चुकलेली, दोन पट्ट्या निगेटिव्ह. तिसरी मागायला आली. बोलता बोलता तिने पदर थोडा सरकवला आणि ब्लाउजवरचे दोन ओले डाग दाखवले. चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला काही सुचेना. म्हणाली, "पट्टी खोटी बोलते ताई, हे खोटं कसं असंन?" घरी सासूने नवस बोलून ठेवला होता. मी तिला आत बसवलं, पाणी दिलं आणि कोणकोणती औषधं चालू आहेत ते विचारलं. पिशवीतून पित्ताची पाकिटं निघाली. कुठल्याशा डॉक्टरांनी एकदा पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती, आणि तीच जुनी चिठ्ठी दाखवून ती निरनिराळ्या दुकानांतून महिनोन्‌महिने घेत होती. कुणीच चिठ्ठीवरची तारीख पाहिली नव्हती. मी तिला पट्टी विकली नाही. ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन लावून दिला. रक्तातलं बीटा-एचसीजी निगेटिव्ह, प्रोलॅक्टिन चांगलंच वाढलेलं. डॉक्टरांनी कॅप्सूल बदलली, काही आठवड्यांत दूध थांबलं, पाळी आली. पाळी आली त्या दिवशी ती सांगायला आली आणि माझ्यासमोर रडली. ते दुःख माझ्याने कमी होणार नव्हतं. पण मधल्या काळात घरात जे झालं, ओटीभरणाचं बोलणं, पाहुण्यांना केलेले फोन, ते सगळं तिच्या वाट्याला यायला नको होतं. एखाद्या दुकानात चिठ्ठीची तारीख पाहिली गेली असती तर आलंही नसतं.

औषध नसतानाही असं होतं, क्वचित. मुलाची आस किंवा मुलाची धास्ती इतकी असते की पोट वाढतं, पाळी थांबते, डोहाळे लागतात, आणि गर्भ नसतो. अशा बाईला नाटकी म्हणणारे लोक मी पाहिलेत. ती नाटक करत नसते. तिला रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी हवी असते, आणि त्यानंतर तिच्याशी नीट बोलणारं माणूस.

'पाळी यायच्या गोळी'कडे वळते. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांचा वैद्यकात रीतसर उपयोग आहे. पण गर्भ नाही याची आधी खात्री करून, पाळी का आली नाही हे शोधण्याचा एक टप्पा म्हणून, डॉक्टरांनी द्यायची ती गोष्ट आहे. आपण ती खात्री न करता देतो आणि कारण झाकून टाकतो. रक्तस्राव झाला की बाई निर्धास्त होते. थायरॉइड तसंच राहतं, प्रोलॅक्टिन तसंच, गर्भाशयातला क्षयरोगही तसाच वाढत राहतो. आपल्या व्यवसायाला हा धडा एकदा मिळालेला आहे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या मोठ्या मात्रेची गोळ्या-इंजेक्शनं या देशात दिवस गेलेत का हे 'तपासायला' सर्रास दिली जायची. रक्तस्राव झाला तर दिवस नाहीत, नाही झाला तर आहेत, असा तो हिशोब. पोटातल्या बाळाला त्याने व्यंग येऊ शकतं म्हणून स्त्री-संघटना आणि काही डॉक्टर वर्षानुवर्षं भांडले, कंपन्या कोर्टात गेल्या, आणि 1988 मध्ये कुठे ती बंदी पक्की झाली. ज्यांनी तेव्हा काउंटरवर काम केलंय अशी ज्येष्ठ मंडळी आपल्यात अजून आहेत, त्यांना विचारा.

याहून वाईट म्हणजे, पट्टी निगेटिव्ह असतानाही "हे घ्या, असलं तरी साफ होईल" म्हणून मिफेप्रिस्टोन-मिसोप्रोस्टॉलचा, म्हणजे गर्भपाताच्या गोळ्यांचा, संच हातात देणं. असं होतं हे तुम्हाला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. हा संच कायद्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, नऊ आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी वापरायचा असतो. गर्भ गर्भाशयात न रुजता बीजवाहक नळीत रुजला असेल तर या गोळ्यांचा काहीही उपयोग होत नाही. उलट त्यांनी रक्त जातं, बाईला वाटतं मोकळी झाले, आणि आत नळी फुटायच्या बेतात असते. नळीतल्या गर्भात एचसीजी नीट वाढत नाही, त्यामुळे रेघ अगदी फिकट येऊ शकते, क्वचित येतही नाही. द्राक्षगर्भात, म्हणजे गर्भाऐवजी द्राक्षांसारख्या फोडांचा घोस वाढतो तेव्हा, उलट एचसीजी इतकं भरमसाट असतं की त्यानेच पट्टी फसू शकते. हेही क्वचितच. पण आपल्यासमोर जी उभी आहे ती त्या क्वचितांतली आहे की नाही, हे काउंटरवरून कळत नाही.

म्हणून एक गोष्ट तरी सगळ्यांनी पाठ करा आणि दुकानात काम करणाऱ्या पोरांनाही पाठ करून घ्या. पाळी चुकलेली आहे, आणि ओटीपोटात एका बाजूला जोराचं दुखतंय, किंवा डोळ्यांपुढे अंधारी येतेय, किंवा खांद्याच्या टोकाला दुखतंय, किंवा अंगावरून थोडंथोडं रक्त जातंय, तर पट्टी काहीही सांगो, तिला वेदनाशामक देऊन घरी पाठवायचं नाही. त्याच क्षणी दवाखाना. वाहन नसेल तर 108 ला आपल्या फोनवरून फोन लावायचा. खांद्याचं दुखणं ऐकून पोरं मलम काढतात. पोटात रक्त साचलं की ते श्वासपटलाला टोचतं आणि दुखतं खांद्यात, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आणखी एक विनंती, ती वागण्याची. "लग्न झालंय का?" हा प्रश्न पट्टी देताना विचारायचं कारण नाही. कायद्यात तशी अट नाही. 2021 च्या दुरुस्तीने गर्भपाताच्या कायद्यातही 'विवाहित स्त्री'च्या जागी 'स्त्री' आणि 'पती'च्या जागी 'जोडीदार' आला, आणि 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांचा हक्क स्पष्ट केला. देशाचं सर्वोच्च न्यायालय जे विचारत नाही ते आपण का विचारावं? दुकानात एक कोपरा असा ठेवा जिथे हळू आवाजात बोलता येईल. बाई कामाला असेल तर अशा वेळी तिला पुढे करा. मागच्या फळीवरून पट्टी काढताना मोठ्याने नाव घेऊन ओरडू नका. मुलगी एकदा त्या आवाजाने पळाली की ती दवाखान्यातही लवकर जात नाही.

काही जण म्हणतील, आम्ही डॉक्टर नाही, सल्ला देणं आमचं काम नाही. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाशी औषधाबद्दल बोलणं हे फार्मासिस्टच्या कामातच धरलंय. आणि खरं सांगायचं तर, चिठ्ठीशिवाय पाळीची गोळी देतो तेव्हा आपण डॉक्टर नसतानाही डॉक्टरकी करतच असतो. मी म्हणते आहे ते त्याहून कितीतरी कमी आहे.

मी एक छोटं कार्ड मराठीत छापून घेतलंय आणि प्रत्येक पट्टीच्या पाकिटात सरकवते. त्यावर एवढंच आहे: "सकाळच्या पहिल्या लघवीने तपासा. निकाल पाच मिनिटांत वाचा, नंतरचा धरू नका. निगेटिव्ह आली आणि पाळी आली नाही तर आठवड्याने पुन्हा तपासा. तरी निगेटिव्ह असेल आणि पाळी येत नसेल तर डॉक्टरांकडे जा, रक्ताची एचसीजी, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासणी विचारा, आणि चालू असलेली सगळी औषधं सोबत न्या. पोटात जोराचं दुखलं, चक्कर आली किंवा रक्त गेलं तर थांबू नका, 108 ला फोन करा. पाळी आणायची गोळी स्वतःहून घेऊ नका." मागच्या बाजूला तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाची वेळ आहे.

हा मजकूर ज्याला हवा त्याने घ्यावा, आपल्या दुकानाचं नाव घालून छापावा. पुढच्या तालुका बैठकीत मी हा विषय मांडणार आहे आणि पहिल्या खेपेच्या छपाईचा खर्च उचलायला तयार आहे. तुमच्या तालुक्यातही कुणीतरी मांडा. आणि तोवर आज संध्याकाळी दुकान बंद करताना, काचेमागच्या उन्हात टांगलेली पाकिटं तेवढी आत ठेवा.

आपली,
एक फार्मासिस्ट भगिनी
वर्धा जिल्हा